‘स्कायरिम’मधली भटकंती आणि गेमचे परीक्षण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला, तेव्हापासून आपल्या दैनिकात गेम या विषयावर बातम्या, लेख आणि वाचकांची पत्रे सातत्याने येत आहेत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमपायी अनेक घरांची कशी धूळधाण झाली हे सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे त्या लेखनामागच्या तळमळीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मात्र त्यातल्या बहुतेक मजकुरात रमीची अ‍ॅप, मोबाइलवरची धुमश्चक्री आणि एकट्याने घरी बसून खेळायचे कथाप्रधान गेम यांना सरसकट एकाच दावणीला बांधलेले दिसते. खुद्द कायद्याने पैशांचे खेळ, ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ असा भेद केलेला असताना वर्तमानपत्राच्या पुरवणीला तो करावासा वाटू नये, हे खटकते. आपण नाटकाचे, चित्रपटाचे, पुस्तकाचे, अगदी नव्या उपाहारगृहाचेही परीक्षण छापता. गेमचे परीक्षण मात्र आपल्या पानांवर वाचल्याचे मला आठवत नाही. ते कसे असू शकेल हे सांगण्यासाठी मी स्वतः खेळलेल्या एका गेमविषयीचे मत गुणदोषांसह कळवीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कात्री चालवण्याचा आपला अधिकार मान्य आहेच.

गेमचे नाव ‘स्कायरिम’. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या १९९४ साली सुरू झालेल्या मालिकेतला हा पाचवा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने तो तयार केला आणि टॉड हॉवर्ड हे त्याचे दिग्दर्शक होते. पुढे २०१६ मध्ये आणि २०२१ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, आणि ६ कोटींहून अधिक प्रती खपल्याचे हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितले. इतक्या जुन्या खेळाबद्दल आता का लिहायचे, असे कोणी विचारील. एक तर तो आजही खेळला जातो, आणि दुसरे म्हणजे माझ्यासारख्या माणसाच्या घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर तो आता कुठे सुरळीत चालू लागला आहे.

मी मुरलेला खेळाडू नाही, हेही आधीच स्पष्ट करतो. नोकरी सांभाळून, रात्रीची जेवणे आटोपल्यावर जमेल तेव्हा थोडा वेळ बसणारा हौशी माणूस आहे, आणि बोटे चपळ नसल्यामुळे अवघडपणाची सर्वांत खालची पातळी लावून खेळतो. या खेळात आपण एका काल्पनिक, बर्फाळ, उत्तरेकडच्या प्रांतात वावरतो आणि सगळे काही आपल्या पात्राच्या डोळ्यांतून पाहतो. पडद्यावर स्वतःचे म्हणून दिसतात ते फक्त दोन हात: कधी त्यांत तलवार असते, कधी ताणलेले धनुष्य, कधी तळव्यावर नाचणारी मंत्राची ज्वाळा. बटण दाबून कॅमेरा पाठीमागे नेता येतो आणि स्वतःची आकृतीही पाहता येते. पण तसे केले की दुसऱ्याच कोणाला तरी हाकत असल्यासारखे वाटते, म्हणून मी ते टाळतो. सुरुवातीला दहा वंशांपैकी एक निवडावा लागतो. मी मांजरासारख्या चेहऱ्याचा खाजीत निवडला, कारण त्याला अंधारात पाहण्याची विद्या उपजत असते आणि माझ्यासारख्याला गुहेत चाचपडण्यापेक्षा ते सोयीचे.

कथेचा आरंभ असा की, हात बांधलेल्या अवस्थेत आपल्याला गाडीतून हेल्गेन या गावी नेले जात असते; सरहद्दीवर नको त्या वेळी सापडलो एवढाच काय तो आपला गुन्हा. मान ठोकळ्यावर ठेवली जाते, जल्लाद कुऱ्हाड उचलतो, आणि तेवढ्यात अल्डुइन नावाचा काळा ड्रॅगन गावावर झेपावतो. हा सगळा भाग दिमाखदार असला तरी आपल्याला त्यात करण्यासारखे फारसे काही नसते. कोणीतरी धाव म्हणतो आणि आपण धावतो. खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो तो त्यानंतरची गुहा ओलांडून डोंगरउतारावर बाहेर पडल्यावर. सोबतचा माणूस रिव्हरवुड गावाकडे चल म्हणतो, पण त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही. समोर पाइनची झाडी, खाली नदी, पलीकडच्या कड्यावर जुन्या देवळाच्या कमानी. जे दिसते तिथवर चालत जाता येते, आणि कुठे जायचे हे कोणी विचारीत नाही.

अल्डुइन जगाचा अंत करणार आहे आणि आपण म्हणजे त्याला रोखू शकणारा ‘ड्रॅगनबॉर्न’ आहोत, असे पुढे कळते. अंत इतका जवळ आला असताना खेळाडू फुले खुडत हिंडतो आणि अल्डुइनही त्याची निमूटपणे वाट पाहतो, हा या खेळावरचा जुना आक्षेप आहे. तर्काला धरून पाहिले तर तो बिनतोडच आहे. तरीही मला तो दोष वाटत नाही. भटकण्याची मुभा हवी असेल तर संकटाला थांबवून ठेवणे भागच आहे, आणि हा खेळ मुळात भटक्यांसाठीच रचलेला आहे, असे माझे मत आहे. त्याचे एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो.

आयव्हरस्टेड हे डोंगराच्या पायथ्याचे छोटे गाव. तिथून हाय ह्रोथगार या मठाकडे सात हजार पायऱ्यांची वाट जाते. अर्थात सात हजार हा आकडा नावापुरता, प्रत्यक्ष पायऱ्या त्याहून पुष्कळच कमी आहेत. पायथ्याशी क्लिमेक नावाचा गावकरी भेटतो. मठातल्या वृद्ध साधूंना शिधा पोचवण्याचे काम तो करतो, पण आता चढण त्याला झेपत नाही. आपल्याकडे गडावर निघालेल्या माणसाच्या हाती खालचा एखादा देवीसाठी ओटी देतो, तशीच तो शिध्याची पिशवी आपल्या हाती सोपवतो आणि मठाबाहेरच्या पेटीत ठेवायला सांगतो. मग चढण सुरू होते. वाऱ्याचा आवाज वाढत जातो, बर्फ आडवे उडू लागते, खालचे गाव दिसेनासे होते, आणि एका वळणावर पांढऱ्या केसांचा एक राक्षसी ट्रोल अंगावर येतो, ज्याने माझ्यासारख्या अनेक नवख्यांना परत पायथ्याशी धाडले असेल. पण सांगायचे आहे ते वेगळेच. वाटेच्या कडेला दहा कोरीव शिला उभ्या आहेत. प्रत्येकीवर मनुष्य, ड्रॅगन आणि शब्दविद्या (ड्रॅगनांच्या भाषेतले शब्द उच्चारून शक्ती वापरण्याची विद्या) यांच्या इतिहासातली एकेक ओळ आहे. या दहाही शिला थांबून वाचल्या, तर एक दिवसभर कोणतेही जनावर आपल्यावर धावून येत नाही आणि आपल्याला पाहून पळूनही जात नाही. खेळ हे कुठेही बजावून सांगत नाही. धावत वर जाऊन मठाचे दार ठोठावणाऱ्या खेळाडूला त्याचा पत्ताही लागत नसेल. मी उतरताना एका हरणाच्या इतक्या जवळ उभा राहिलो की त्याचा श्वास दिसत होता, आणि हातातल्या धनुष्याची मला उगीचच अडचण वाटू लागली.

थांबणाऱ्याला काहीतरी देण्याची ही रीत खेळभर आढळते. औषधीविद्या घ्या. रानात निळी फुले, गहू, फुलपाखरांचे पंख, कवके असे जे मिळेल ते गोळा करायचे. प्रत्येक वस्तूचे चार गुण असतात, पण ते आधी माहीत नसतात. वस्तू तोंडात टाकली की पहिला गुण कळतो, उरलेले प्रयोग करून शोधावे लागतात. ज्या दोन वस्तूंत एखादा गुण समान असेल त्यांच्यापासून औषध किंवा विष तयार होते. डोंगरातले निळे फूल आणि साधा गहू मिळून जखम भरून काढणारे औषध होते, हे हाती लागल्यावर मी व्हाइटरन या शहराच्या आसपासची शेते ज्या नजरेने पाहू लागलो ती शेतकऱ्यांना मुळीच आवडली नसती. शिवाय कौशल्ये वापरानेच वाढतात. एकूण अठरा कौशल्ये आहेत. कुलपे उघडाल तर कुलपे उघडण्यात तरबेज व्हाल, घासाघीस कराल तर बोलण्यात. आपण कोण आहोत हे आरंभी भरलेल्या एखाद्या फॉर्मवरून ठरत नाही, आपण दिवसभर काय करतो त्यावरून ठरत जाते, ही कल्पना मला फार आवडली.

नवख्याचा एक हमखास छंद म्हणजे दिसेल ते उचलणे. बादल्या, ताटल्या, कोबीचे गड्डे, चीजची अख्खी चाके. सगळे हातात घेता येते आणि सगळ्याला वजन आहे. पाठीवर सुरुवातीला तीनशेची मर्यादा असते आणि ती ओलांडली की पात्र पाय ओढत चालते. ड्रॅगनचे एक हाड पंधरा वजनाचे असते, तेव्हा मोठी लढाई जिंकल्यावर आपण काही काळ हमाल होऊन बसतो. व्हाइटरनच्या अधिपतीने सोबत दिलेली लिडिया नावाची योद्धी ओझे वाहण्याची शपथ घेतलेली आहे. ते ओझे घेताना तिने काढलेला सूर मात्र शपथेला साजेसा नाही.

राजकारणाचा भाग अधिक गंभीर आहे, आणि परीक्षणाच्या दृष्टीने तो मला महत्त्वाचा वाटतो. या प्रांतात यादवी चालू आहे. साम्राज्याने एल्फ या टोकदार कानांच्या जमातीशी झालेल्या युद्धानंतर तहाच्या अटीनुसार टॅलोस या देवाच्या उपासनेवर बंदी घातली. तिच्याविरुद्ध उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक बंड करून उठला आहे. ज्या सैन्याने विनाचौकशी आपली मान ठोकळ्यावर ठेवली त्याच्याविषयी खेळाडूला ममत्व असण्याचे कारण नाही, तेव्हा आपली सहानुभूती आपसूकच बंडखोरांकडे जाते. माझीही गेली. मग मी उल्फ्रिकच्या राजधानीत, विंडहेल्मला पोचलो. वेशीतून आत पाऊल टाकले तोच दोन दांडगे नॉर्ड, म्हणजे या प्रांतातले मूळचे लोक, एका डार्क एल्फ (सावळ्या एल्फ) बाईला अडवून उभे होते. तुम्ही आमचे अन्न खाता, शहर घाण करता, आणि आमच्या लढाईत उतरत नाही म्हणजे तुम्ही साम्राज्याचे हेरच असणार, असा त्यांचा एकंदर सूर होता. त्या बाईचे म्हणणे एवढेच की, ही लढाई आमची नाही. पुढे गेल्यावर तिच्या समाजाची वस्ती लागते: अरुंद बोळ, पडकी घरे. सरड्यासारख्या अर्गोनियन लोकांना तर तटाच्या आत राहण्यास मनाई आहे. ते गोदीवर राबतात आणि तिथेच झोपतात. यावर कोणी भाषण देत नाही, पडद्यावर कसली पाटी येत नाही. चालता चालता जे दिसते त्यावरून मत बनवायचे, किंवा बनलेले मोडायचे. नंतर एल्फांच्या वकिलातीत शिरल्यावर एक गुप्त टिपण हाती लागते. दोहोंपैकी कोणीही जिंकण्यापेक्षा ही यादवी चिघळत राहण्यातच तिसऱ्याचा लाभ आहे, हे त्यातून कळते. अर्थात ते टिपण उघडून वाचले तरच.

आता दोषांकडे वळतो, कारण त्यांच्यावाचून परीक्षण म्हणजे जाहिरात होईल. लढाई हा या खेळाचा सर्वांत कच्चा भाग आहे. तलवार फिरवली की ती शत्रूला लागली की हवेत गेली याचा अंदाज हाताला येत नाही. दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांवर वार करीत राहतात आणि ज्याची लाल पट्टी आधी संपेल तो पडतो. त्यातही लढाई ऐन रंगात असताना यादी उघडली की काळ थांबतो, आणि आपण शांतपणे दहा-बारा चीजचे तुकडे खाऊन पुन्हा ताजेतवाने उभे राहू शकतो. थडग्यांच्या भुयारांचेही तसेच. पहिल्या भुयारात सोन्याच्या पंजाचे कोडे आहे. दारावरची चित्रे कोणत्या क्रमाने लावायची याचे उत्तर पोतडीतला तो पंजा हातात घेऊन फिरवून पाहिल्यावर त्याच्या तळव्यावरच सापडते. ही युक्ती पहिल्यांदा फार गोड वाटते. तिच्याच नकला पुढच्या भुयारांत भेटू लागल्या की गोडी ओसरते, आणि तेच ते उठून बसणारे मुडदे पाहून कंटाळा येतो.

याहून मोठा दोष म्हणजे आपल्या कृत्यांचे पडसाद फारच थोडे उमटतात. यादवी कोणीही जिंको, पहारेकऱ्यांचे गणवेश आणि गादीवरची काही माणसे बदलतात, बोळातली ती वस्ती होती तशीच राहते. मोजके मंत्र येत असताना मी विंटरहोल्डच्या जादूविद्यालयाचा प्रमुख झालो आणि कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. माझ्या खाजीत पात्राबाबत तर गंमतच झाली. खाजीत व्यापाऱ्यांचे तांडे शहरांच्या तटाबाहेर तंबू ठोकून असतात, कारण त्यांना आत घेत नाहीत. त्यांची ती कैफियत सहानुभूतीने ऐकून मी, त्यांच्याच जातीचा, त्याच वेशीतून राजरोस आत शिरलो आणि पहारेकऱ्याने हूं की चूं केले नाही. लेखकांनी भेदभावाचे चित्र रंगवले खरे, पण खेळाडूला त्याची झळ लागू दिली नाही. ज्या जागी हा खेळ मोठा होऊ शकला असता नेमक्या त्याच जागी तो कचरला, असे मला वाटते.

बारीकसारीक चुका पुष्कळ आहेत आणि त्यांचा बोभाटाही पुष्कळ झाला आहे. त्यांतली एक मात्र सांगण्यासारखी आहे. मैदानात मॅमथ राखणारे महाकाय गुराखी असतात. त्यांच्या वाटेला गेले नाही तर तेही आपल्या वाटेला जात नाहीत. पण एखाद्याला छेडलेच, तर त्याच्या सोट्याच्या एका फटक्यात आपले प्रेत थेट ढगांत उडते. हा मुळात हिशेबातला दोष होता, आणि गमतीदार वाटला म्हणून निर्मात्यांनी तो तसाच राहू दिला. संगीत जेरेमी सोल यांचे आहे. रात्री उत्तरेच्या आकाशात हिरवे प्रकाशपट्टे सरकत असताना ते ऐकावे, त्यावर अधिक लिहिण्याची माझी पात्रता नाही.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. युरोपातल्या मानांकनानुसार हा खेळ अठरा वर्षांवरील आणि अमेरिकेतल्या मानांकनानुसार सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. त्यात रक्तपात आहे, चोरी आहे, सुपारी घेऊन खून करणाऱ्यांची टोळी आहे आणि तिच्यात सामील होण्याची सोयही आहे. पैसे लावण्याचा मात्र त्यात काडीइतका संबंध नाही. जास्तीच्या काही पुरवण्या विकत मिळतात, पण त्या घेतल्या नाहीत म्हणून काही अडत नाही. नेमकी ही माहिती, म्हणजे कोणत्या वयाला काय चालेल, पैसे कुठे आणि किती जातात, कथा कशी आहे आणि ती कुठे तोकडी पडते, वर्तमानपत्राने द्यावी अशी अपेक्षा आहे. ‘गेमचे व्यसन’ या मथळ्याखाली ती सापडत नाही. महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ दिला तरी पुरे, आणि तो लिहिणारा निष्णातच असावा असेही नाही. नाटकाला तिकीट काढून जाणाऱ्याचे मत आपण छापताच की.

अशा परीक्षणात ज्यावर वाद व्हावा असा एक प्रसंग या खेळात आहे, तो सांगून पत्र आवरतो. प्रांतातल्या सर्वांत उंच शिखरावर पार्थरनाक्स नावाचा वृद्ध ड्रॅगन राहतो. एकेकाळी तो अल्डुइनचा उजवा हात होता आणि त्याने माणसांवर अनन्वित अत्याचार केले. पुढे त्याने पक्ष बदलला, माणसांना शब्दविद्या शिकवण्यात हातभार लावला आणि स्वतःच्या क्रूर स्वभावाला आवर घालत शतकानुशतके त्या शिखरावर बसून राहिला. आपल्याला तो गुरूसारखी मदत करतो. मग ड्रॅगनांची शिकार करणाऱ्या जुन्या संघटनेची डेल्फीन येते आणि त्याच्या पूर्वीच्या पापांसाठी त्याला ठार कर, तोवर आमच्याकडून मदत नाही, असे बजावते. तिच्याशी वाद घालण्याची, तिची समजूत काढण्याची किंवा ठाम नकार देऊन विषय संपवण्याची सोय मूळ खेळात नाही, आणि ही लेखनातली मोठी उणीव आहे. ती इतकी जाणवली की हौशी खेळाडूंनीच डेल्फीनला नकार देता येईल असे मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोडणी, तयार करून इतरांना विनामूल्य दिले. मी ते अजून बसवलेले नाही, कारण मूळ खेळाचे मोजमाप मूळ खेळावरूनच व्हावे असे मला वाटते. ‘पार्थरनाक्सला ठार करा’ ही ओळ माझ्या कामांच्या यादीत तशीच पडून आहे, तो शिखरावर आहे, आणि डेल्फीनने माझ्याशी व्यवहार तोडला आहे.

कळावे,
आपला,
एक हौशी खेळाडू व नियमित वाचक, सातारा